चौदा चाली, तीन रात्री

बुद्धिबळात मधल्या डावात मी वाईट खेळतो असं कुणी म्हणू शकत नाही, कारण तिथवर मी क्वचितच पोहोचतो. सुरुवातीतच निकाल लागतो. एका जाणत्या खेळाडूने सल्ला दिला, "ग्रँडमास्टरांचे डाव सोडा, डोक्यावरून जातील. पोरांचे बघा. त्यातही बरोबरीत सुटलेले. म्हणजे सुरुवात दोघांनीही धड खेळलेली असते."

पटलं. १२ वर्षांखालच्या गटातला एक डाव काढला. चाली जेमतेम १४. म्हटलं, जेवणाआधी उरकेल.

पांढऱ्याची सुरुवात स्पॅनिश ओपनिंग नावाची, तिला काळ्याचं उत्तर बर्लिन बचाव. २००० साली लंडनला जगज्जेतेपदाच्या लढतीत क्रॅमनिकने हाच बचाव वापरून कास्पारोव्हला १५ डावांत एकदाही जिंकू दिलं नव्हतं. मी सावरून बसलो.

पहिल्या दहा चालींत नुसती कापाकापी. चारपैकी तीन घोडे आणि एक उंट पटाबाहेर. याच धुमाळीत दहाव्या चालीला एन पासंट होतं, म्हणजे दोन घरं पुढे आलेल्या प्याद्याला शेजारचं प्यादं त्याच्या मागच्या घरात जाऊन मारतं, आणि मारलेलं काळं प्यादं उचलायचं मी विसरलो. ते डी-५वर तसंच उभं. अकराव्या चालीला पांढरा वजीर ई-४वर जाऊन शह देतो, म्हणजे माझ्या पटावर थेट त्या प्याद्याच्या तोंडात! एवढ्याशा पोराने वजिराचं बलिदान दिलं! आणि काळा तो मारतही नाही, आपला वजीर ई-६वर आडवा घालतो. पहिली रात्र मी या दोन मुलांच्या प्रतिभेपुढे नतमस्तक होण्यात घालवली.

दुसऱ्या रात्री प्यादं सापडलं.

आता उरलं एवढंच : पांढरा वजीर ई-४वर, शह. काळा वजीर ई-६वर. पांढरा परत डी-४वर, काळा परत डी-६वर. पुन्हा तेच. अरुंद दारात समोरासमोर आलेली दोन सभ्य माणसं जशी एकाच बाजूला सरकत राहतात, तसं. वजिरावजिरी का करत नाहीत? शोधता शोधता एक सापडलं. पांढरा वजीर डी-४वर असला की काळ्याला एफ-८चा उंट हलवता येत नाही, जी-७चं प्यादं जातं. हे मी वहीत लाल शाईने लिहिलं. काळ्याचे दोन्ही हत्ती आणि दोन्ही उंट जागचे हललेच नव्हते. त्यांना डाव झाल्याचं कळलं तरी असेल का?

तिसऱ्या रात्री संगणकाला विचारलं. त्याने ०.००, म्हणजे दोघेही समान, दाखवलं आणि गप्प बसला.

शेवटी अकरा वर्षांच्या भाच्यापुढे वही ठेवली. त्याने लाल शाईकडे सहानुभूतीने पाहिलं.

"मामा, हे सगळ्यांना पाठ असतं. ३० चालींच्या आत बरोबरीसाठी हात मिळवायला बंदी असली ना, की हे खेळायचं. तीनदा तीच पोझिशन आली की बरोबरी मागता येते. पाच मिनिटांत मोकळे."

म्हणजे ज्या विचारामागे मी तीन रात्री लागलो होतो, तो कुणी केलाच नव्हता. पण माझ्या डोक्यात वेगळाच प्रकाश पडला. खात्रीची बरोबरी! लगेच पट मांडला, काळी मोहरी घेतली. भाच्याचा उंट बी-५वर आला, मी ऐटीत घोडा काढला. त्याने डी-प्यादं एक घर पुढे सरकवलं.

"अरे, किल्लेकोट कर ना, राजाला हत्तीआड ने."

"करेन नंतर."

"नंतर नाही. चौथ्या चालीलाच करायचा असतो."

"मग बरोबरी होईल, मामा."

मी वही उघडली.

"वही बघायची नाही," तो म्हणाला.