टॅम लिनच्या गोष्टीतला काळोख

पिंट्यानं दिवाळी अंकासाठी लिहायला घेतलेल्या दीर्घकथेवरून काल कट्ट्यावर जी जुंपली, ती चहावाल्यानं शटर ओढलं तरी चालूच होती. कथा टॅम लिनची, म्हणजे एका जुन्या स्कॉटिश लोकगीताची. स्कॉटलंडच्या दक्षिणेला, सेलकर्क गावाजवळ एट्रिक आणि यॅरो या नद्या एकमेकींना मिळतात, तिथलं कार्टरहॉचं रान. त्या रानात परीराणीच्या ताब्यात अडकलेला हा माणसाचा मुलगा आणि त्याला सोडवणारी जेनेट. पिंट्याच्या खर्ड्यात पहिल्याच पानावर तीन मुडदे आहेत, दरबारात कवट्यांचे पेले आहेत, आणि टॅम लिन म्हणजे देखणा, क्रूर, कुणालाही न जुमानणारा परी-राजपुत्र.

"डार्क फँटसी आहे ना," पिंट्या म्हणाला. "मूळ गाणं फार गोड आहे. मला ते काळं करायचंय."

मास्तर उसळलेच. "गोड? नीट वाचलंयस का? टॅम लिनपासून पोटुशी राहिलेली पोरगी गर्भ पाडायला झाडपाला खुडायला रानात जाते. तिथे तो तिला सांगतो की परीलोक दर सात वर्षांनी नरकाला खंडणी भरतो, आणि यंदा माझाच नंबर लागेल अशी भीती वाटते. यात आणखी काळं काय करणार तू?"

"पण मास्तर, आजच्या वाचकाला थरार लागतो."

"थरार आहेच की! हॅलोवीनची मध्यरात्र, माइल्स क्रॉसचा तिठा. परीलोकाची स्वारी येते. काळा घोडा जाऊ द्यायचा, तपकिरी जाऊ द्यायचा, पांढरा आला की त्याच्यावरच्या स्वाराला खाली ओढायचं आणि मिठी मारायची. बस. मग त्या मिठीतच त्याची पाल होते, साप होतो, अस्वल होतं, सिंह होतो, लालबुंद लोखंड होतं, शेवटी पेटता निखारा. निखारा झाला की विहिरीत टाकायचा, आणि पाण्यातून उघडा माणूस बाहेर आला की आपल्या हिरव्या शालीखाली झाकायचा. हे तू दीड पानात उरकलंयस आणि तलवारबाजीला नऊ पानं दिलीस!"

मी इथे मास्तरांच्या बाजूचा. जेनेटच्या हातात हत्यार नाही, मंत्र नाही. सोडायचं नाही, एवढंच तिचं काम. लोखंड तापून लाल झालंय, हाताची कातडी सोलतेय, आणि शेजारून घोड्यांचे लगाम वाजत चाललेत, हे लिहायला नऊ पानं घे ना! शेवटी हरलेली राणी टॅम लिनला सांगते की हे आधी कळतं तर तुझे डोळे काढून तिथे लाकडाचे बसवले असते. कवट्यांच्या पेल्यांपेक्षा त्या एका वाक्याला मी जास्त घाबरतो.

अण्णांनी मध्येच सुचवलं की हे सगळं कोकणात आणावं, परीराणीच्या जागी साती आसरा घ्याव्यात. मला पटलं नाही. आसरांना ओटी भरतात, नैवेद्य दाखवतात, पण त्या कुणा नरकाच्या मांडलिक नाहीत. टॅम लिनची सगळी भीती त्या मांडलिकपणात आहे. राणीही कुणाचीतरी देणेकरी आहे. ते काढलं तर गोष्टच मोडते. तिला स्कॉटलंडातच राहू द्यावं.

तोवर गप्प बसलेल्या वकीलबाई म्हणाल्या, "टॅम लिन आणि जेनेटच्या त्या पहिल्या भेटीचं काय केलंस, पिंट्या? गाण्याच्या काही पाठांत स्वच्छ म्हटलंय की त्यानं तिची संमती विचारली नाही."

"ते मी गाळलं."

"गाळलंस, आणि तिथे काय घातलंस? तिला त्याचा क्रूरपणाच आवडतो. हे त्याहून वाईट आहे."

पिंट्या गडबडला. मास्तरांनी सांगितलं की लोकगीतांचे अभ्यासक फ्रान्सिस चाइल्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या गाण्याचे बरेच पाठ एकत्र छापले, आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. 1796 साली छापलेल्या स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या पाठात तो प्रसंग सांगितलेलाच नाही. तिथे उलट जेनेटच त्याला सुनावते की कार्टरहॉ माझं आहे, वडिलांनी मला दिलंय, इथे यायला तुझी परवानगी मी घेणार नाही. "तेव्हा तुला निवड करावीच लागेल," मास्तर म्हणाले. "प्रत्येक गाणाऱ्यानं केलीय."

पण वकीलबाईंचं खरं म्हणणं पुढेच होतं. 1895 च्या मार्चमध्ये आयर्लंडच्या टिपररी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी नावाची तरुण बाई आजारी पडली. शिवणकाम करून स्वतःचं कमावणारी, कोंबड्या पाळणारी. नवऱ्याच्या, मायकेलच्या डोक्यात बसलं की ही माझी बायको नाहीच, परीलोकानं तिला नेऊन हे सोंग ठेवलंय. नातेवाइकांसमोर तिला दाबून धरून कडू काढे पाजले, आगीजवळ नेलं, तू कोण ते सांग म्हणून दरडावलं. शेवटी नवऱ्यानंच तिला जाळलं. "आणि त्यानंतर," वकीलबाई म्हणाल्या, "तो जवळच्या जुन्या किल्ल्याच्या गोल बांधावर रात्री जाऊन थांबायचा. खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून येईल, मग मी तिला सोडवीन, म्हणून. हे टॅम लिनचंच कथानक आहे. त्याला सदोष मनुष्यवधाबद्दल वीस वर्षांची शिक्षा झाली, पंधरा वर्षांनी सुटला. तू मजेत परीलोक लिहितोयस तेव्हा हे डोक्यात असू दे."

कुणी काही बोललं नाही. मग पिंट्याच म्हणाला, "म्हणजे लिहूच नको?"

"लिही. पण तिच्यासाठीही लिही."

मला वाटतं, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की पिंट्याला हवा असलेला काळोख आपोआप सापडतो. हातातला साप हा तोच माणूस आहे, हे जेनेटला मानायचं असतं, सगळ्या ज्ञानेंद्रियांच्या विरोधात. मायकेलपुढे तर बायकोच उभी होती, तिचाच चेहरा, तिचाच आवाज, आणि त्यानं ठरवलं की ही ती नाही. जादू दोन्हीकडे एकच. परीलोक रूप बदलतो एवढाच विश्वास, मग त्या विश्वासानं माणूस घट्ट धरायचा की चुलीवर धरायचा, हे धरणाऱ्यावर.

"आणि खंडणी?" पिंट्यानं अचानक विचारलं. "टॅम लिन सुटला. नरकाला त्या रात्री कोण दिला?"

गाण्यात याचं उत्तर नाही. राणी चिडते, शाप देते, आणि गाणं संपतं. देणं मात्र बाकी राहतं. वकीलबाईंच्या मते दुसरा कुणीतरी दिला गेला असणार, त्याच स्वारीतला, काळ्या नाहीतर तपकिरी घोड्यावरचा, ज्याला जेनेटनं पुढे जाऊ दिलं. पिंट्यानं ते लगेच मोबाइलवर टिपून घेतलं. तलवारबाजी काढतोय म्हणाला, मुडदेही.

आता वाद एवढाच उरलाय की त्या दुसऱ्याबद्दल जेनेटला ठाऊक असावं की नाही. मास्तर म्हणतात, नसावं, नाहीतर तिचा विजय नासतो. माझं मत उलट आहे. तिला ठाऊक असावं, काळा घोडा पुढे जाताना तिनं त्या स्वाराचा चेहरा पाहिलेला असावा, आणि तरी पांढऱ्या घोड्यासाठी थांबावं.