‘कधी खेळली तरी आहेस का?’

आज सकाळी सव्वासात वाजता आइस हॉकीच्या रिंकच्या काचेवर दोन्ही मुठी आपटत एक बाप माझ्या लेकीवर ओरडला, "कधी खेळली तरी आहेस का?"

माझी लेक सोळा वर्षांची आहे. अंगात रेफरीचा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट, बोटांत अडकवलेली शिट्टी. सामना दहा वर्षांखालच्या मुलांचा. आणि ती ज्या बर्फावर उभी होती ना, त्याच बर्फावर ती सहाव्या वर्षापासून बचावफळीत खेळली आहे. हनुवटीखाली टाक्यांची खूण आहे, ती तिथलीच. त्या माणसाचा मुलगा स्केट्सवर उभं राहायला शिकला, त्याआधीपासून ती तिथे पडत-उठत होती.

घरी आल्यापासून चहा दोनदा गार झाला. डोकं काही शांत होत नाहीये, म्हणून लिहितेय. लांब होणार आहे. बॉस्टनकडच्या आपल्या मंडळींनी तरी वाचा, कारण तुमचीही मुलं शनिवारी पहाटे कुठल्या ना कुठल्या मैदानावर असतात आणि तिथे कुणी ना कुणी शिट्टी घेऊन उभं असतं.

झालं एवढंच. गोलसमोर सात-आठ पोरांची झुंबड. पक, म्हणजे खेळायची रबराची चकती, गोलीच्या (गोलकीपरच्या) पायाच्या पॅडखाली गेला. लेकीने शिट्टी फुंकली. शिट्टीच्या मागोमाग एका पोराने स्टिकने उकरून पक जाळ्यात सारला. गोल दिला नाही. नियम अगदी सरळ आहे, रेफरीला पक दिसेनासा झाला की खेळ थांबवायचा. तिला दिसत नव्हता, तिने थांबवला. कारण नऊ वर्षांच्या गोलीची बोटं त्या स्टिकांच्या खाली असतात. उकरणारा पोरगा त्या बापाचा. बापाला वाटलं, गोल चोरला.

आणि मग तो प्रश्न. कधी खेळली तरी आहेस का?

मला या प्रश्नाची चीड एवढ्यासाठी येते की पट्ट्यांचा शर्ट घातलेली माणसं कुठून येतात याची आपल्याला कल्पनाच नसते. ती खेळातूनच येतात. बॉस्टनमध्ये राहणाऱ्या माणसाला निदान पॉल स्टुअर्ट हे नाव तरी माहीत असावं. इथलाच पोरगा. २२ नोव्हेंबर १९७९, थँक्सगिव्हिंगची रात्र, बॉस्टन गार्डन. क्यूबेक नॉर्डिक्सकडून एनएचएलमधला, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या हॉकी लीगमधला त्याचा पहिलाच सामना, तोही आपल्याच गावात, बॉस्टनच्याच ब्रुइन्स संघाविरुद्ध. त्या एका सामन्यात तो टेरी ओ'रायली, स्टॅन जोनाथन आणि अल सेकॉर्ड या तिघांशी एकामागोमाग एक भिडला. ब्रुइन्सचे जुने चाहते ही तीन नावं आजही कशी घेतात ते एकदा ऐका, मग कळेल तो कुणाकुणाच्या अंगावर गेला होता. एनएचएलमध्ये त्याच्या वाट्याला २१ सामने आले. गोल दोन. त्याचं काम गोल करणं नव्हतंच, त्याचं काम मुठी चालवणं होतं.

तोच माणूस पुढे शिट्टी घेऊन परत आला आणि एनएचएलमध्ये हजाराहून जास्त सामन्यांचा रेफरी झाला. अमेरिकेत जन्मलेला असा तो पहिलाच. मधे १९९८ साली आतड्याचा कॅन्सर झाला. ऑपरेशन, केमो, सगळं सोसून त्याच वर्षाच्या शेवटी तो पुन्हा बर्फावर उतरला. २००३ पर्यंत उभा होता. २०१८ मध्ये अमेरिकेच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव गेलं.

आणि हे घराण्यातलंच. त्याचे आजोबा बिल स्टुअर्ट एनएचएलमध्ये रेफरी होते, उन्हाळ्यात बेसबॉलच्या नॅशनल लीगमध्ये अंपायर, आणि मधेच १९३८ साली शिकागोच्या संघाला कोच म्हणून स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकून देणारे. एकाच माणसाने काचेच्या आतल्या सगळ्या बाजूंनी खेळ पाहिलेला. अशा माणसांना विचारायचं, कधी खेळलास का?

अजून मागे जा. किंग क्लॅन्सी, टोरंटोचा नावाजलेला बचावपटू. खेळ सोडला आणि नंतर अनेक वर्षं शिट्टी फुंकली. बिल चॅडविक, न्यूयॉर्कचा. १९३५ मध्ये खेळताना पक डोळ्यावर बसला आणि उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. खेळणं संपलं, पण तो बर्फ सोडून गेला नाही. एका डोळ्याने एनएचएलमध्ये रेफरी झाला. आज कुठल्याही रिंकवर रेफरी हाताच्या खुणांनी पेनल्टी दाखवतात, ती रीत रुजवणाऱ्यांत तो पहिला. गॅलरीतून लोक रेफरीला "आंधळा आहेस का" असं बिनदिक्कत ओरडतात. ते ऐकत त्या माणसाने आपला तो डोळा कुणाला कळू न देता वर्षानुवर्षं काम केलं. याचा विचार केला की माझ्या घशात येतं काहीतरी.

खेळाडूचा रेफरी होणं म्हणजे नुसता शर्ट बदलणं नाही, हे मी लेकीकडे बघून शिकले. दहा वर्षं तिला एकच शिकवलं गेलं, पकवरची नजर हलू द्यायची नाही. आता नेमकं उलटं. पकवर नजर ठेवणं दुसऱ्या रेफरीवर सोडायचं आणि आपण पकपासून लांब बघायचं, कारण पाठीत ढकलणं, मनगटावर स्टिक मारणं, पायात स्टिक अडकवणं हे सगळं तिथे चालतं. पक अंगावर आला तर खेळाडू तो अडवतो. रेफरीने कठड्यावर हात टेकून उडी मारायची आणि पकला वाट द्यायची. आणि हा पक म्हणजे काही टेनिसचा बॉल नाही, तीन इंच रुंद, एक इंच जाड, एकशेसाठ-सत्तर ग्रॅमचा कडक रबर. मोठ्यांच्या खेळात तो ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे जातो. खेळाडू पाऊण-एक मिनिट पळतो आणि बेंचवर येऊन पाणी पितो. रेफरी आणि लाइन्समन (रेषांवर लक्ष ठेवणारे पंच) यांना बेंच नाही. एनएचएलमध्ये चौघे असतात, दोन रेफरी, दोन लाइन्समन. साठच्या साठ मिनिटं तेच चौघे, बदली नाही. मारामारी झाली की मधे शिरतात ते लाइन्समन, चुकलेले ठोसे खातात तेही तेच.

आज त्या झुंबडीत पक गोलीच्या पॅडखाली गेला तेव्हा खेळाडू म्हणून तिच्या अंगात काय भिनलंय? उकर. शिट्टी होईपर्यंत उकर. आणि शिट्टी तर तिच्याच हातात. दहा वर्षांची सवय एका क्षणात दाबायची. काचेच्या बाहेर कॉफीचा कप धरून उभ्या असलेल्या माणसाला हे दिसत नाही.

हो, रेफरी चुकतात. चुकतात, मान्य. आणि चांगला खेळाडू चांगला रेफरी होईलच असंही नाही. पण दुसऱ्या मिनिटाला जो पोरगा ऑफसाइडला गेला, तोही चुकलाच होता. त्याच्यावर नाही कुणी काच बडवली.

कुणी म्हणेल, एवढं काय, नुसता ओरडलाच तर होता. मग ऐका. २७ जानेवारी २०१६, कॅलगरी. डेनिस वाइडमन नावाच्या खेळाडूने लाइन्समन डॉन हेंडरसनला पाठीमागून स्टिकने आडवं केलं. त्या क्षणाआधी वाइडमनला स्वतःला जोराचा मार बसला होता, तो भानावर नसेलही, सोडा. २० सामन्यांची बंदी आली, लवादाने पुढे ती १० वर आणली. आणि हेंडरसन? त्याची मान दुखावली, तो माणूस पुन्हा कधीच सामन्यात पट्ट्यांचा शर्ट घालून उतरला नाही. बंदीचे आकडे वर-खाली होतात. हेंडरसनची मान नाही होत. पट्ट्यांच्या शर्टात माणूस असतो हे विसरायची सवय तिथे एकदम लागत नाही, ती अशा शनिवारच्या सकाळीच लागते. काचेच्या आत नऊ वर्षांची चौदा-पंधरा पोरं बाप काय करतोय ते बघत असतात.

(मधे उठून गेले होते. आता जरा शांत आहे.)

आज तिच्याबरोबर दुसरे रेफरी होते ते साठी ओलांडलेले. तरुणपणी मायनर लीगमध्ये पैसे घेऊन खेळलेले, बसने गावोगाव हिंडलेले. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, तरी मागे स्केटिंग करताना इतके हलके की बघत राहावं. त्यांनी शांतपणे खेळ थांबवला. बापाकडे बघितलंही नाही. सरळ त्या संघाच्या कोचकडे गेले, दोन वाक्यं बोलले. अमेरिकेत मुलांच्या हॉकीत हा नियमच आहे, प्रेक्षक असा वागला तर त्याला बाहेर नेईपर्यंत खेळ सुरू होत नाही. कोच गेला, बापाला लॉबीतून बाहेर घेऊन गेला. रिंकमध्ये सन्नाटा. मग आजोबा (मी मनात त्यांना आजोबाच म्हणते) लेकीजवळ आले आणि फेस-ऑफसाठी, म्हणजे दोन खेळाडूंच्या मधे टाकून खेळ पुन्हा सुरू करायला, पक तिच्या हातात दिला. पक तिनेच टाकायचा, त्याच वर्तुळात, त्याच पोरासमोर.

तिने टाकला. हात थरथरत होता, मला वरून दिसत होतं.

आपल्याकडे म्हणतात, पंचांमुखी परमेश्वर. म्हणायला म्हणतो. वाड्यातल्या क्रिकेटमध्ये बॅटिंगवाल्यांचाच एकजण अंपायर, आणि त्याने आपल्याच भिडूला आउट दिलं की त्याचं काय व्हायचं ते आठवा. भिडूला आउट देणाऱ्या पोरालाच मी आज सगळ्यात मोठा खेळाडू म्हणेन. तेव्हा म्हणत नव्हते.

आणि हेही लिहायलाच हवं. चार वर्षांपूर्वी लेकीला पेनल्टी दिली म्हणून मीही ओरडले आहे. मराठीत ओरडले, म्हणजे कुणाला कळलं नाही, पण तिला कळलं. गाडीत ती म्हणाली होती, "आई, मी खरंच तिला पाडलं होतं." त्याची लाज आजही आहे. आजच्या बापावर राग आहे तो आहेच, कमी झालेला नाही. पण चार वर्षांपूर्वी त्या काचेपाशी मीच होते.

मुली या वाटेने जातायत हे मला फार मोठं वाटतं. केटी गे याच राज्यातल्या वेस्टफील्डची. ब्राउन विद्यापीठाकडून खेळली, मग शिट्टी घेतली. २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये महिलांच्या सामन्यांत ती रेफरी होती. २०२१ मध्ये एएचएलच्या, म्हणजे एनएचएलच्या खालोखालच्या पुरुषांच्या लीगच्या सामन्यात रेफरी म्हणून उतरणारी ती पहिली बाई. लेकीच्या कपाटाच्या दाराला आतून तिचा फोटो चिकटवलेला आहे. तिथे आधी एका ब्रुइन्सच्या खेळाडूचा होता. कधी बदलला, मला कळलंही नाही.

येताना गाडीत ती बराच वेळ काही बोलली नाही. मी मुद्दाम काही विचारलं नाही. डंकिनच्या ड्राइव्ह-थ्रूमध्ये रांगेत असताना म्हणाली, "बाहेर काढायला मीच सांगायला हवं होतं. त्यांनी का सांगावं?" मग थोड्या वेळाने, "आजोबांनी सांगितलं, पहिलं अख्खं वर्ष तेही पकच बघत बसायचे." आणि घराच्या वळणावर, खिडकीबाहेर बघत, "आई, शिट्टी कदाचित अर्धा सेकंद लवकर झाली. कदाचित. पण मला पक दिसत नव्हता."

मला तिला खूप काही सांगायचं होतं, सुचलं काहीच नाही. हॅश ब्राउन्सची पिशवी तिच्या मांडीवर ठेवली.

आत्ता ती वर झोपली आहे. स्केट्सची पाती पुसून, पट्ट्यांचा शर्ट हँगरला लावून ठेवलाय, शिट्टी त्याच्या खिशात. उद्या सकाळी साडेसहा आणि पावणेआठ, असे दोन सामने आहेत तिला. दुसरा त्याच संघाचा आहे. तो बाप येईलच. मी वरच्या बाकावर बसणार आहे, तोंड मिटून. बॉस्टनकडची कुणी येणार असाल तर या, चहाचा थर्मास मोठा आणते.