चुंबक कुठं चिकटत नाही

जुनी कॅम्पर व्हॅन नीट करायला मला चार वर्षं लागली आणि तिची जाहिरात लिहायला तीन आठवडे. पहिल्या कामात निदान हातोडा वापरता येत होता.

गाडी म्हणजे फोक्सवॅगनची टाइप टू, 1972 सालची. वर उघडणारं छप्पर, दुमडून पलंग होणारं बाक, टीचभर सिंक. जाहिरातीत मी थोडा इतिहास घातला. बेन पॉन नावाच्या डच आयातदारानं 1947 साली वहीत एक चौकोनी डबा रेखाटला, ड्रायव्हर एका टोकाला, इंजिन दुसऱ्या टोकाला. 1950 साली त्याचं उत्पादन सुरू झालं, आणि ब्राझीलमध्ये ते थेट 2013 अखेरपर्यंत चाललं. एअरबॅग आणि एबीएस सक्तीचे होणार म्हटल्यावर मग थांबलं. बायकोनं वाचून विचारलं, "गाडी विकतोयस की प्रबंध लिहितोयस?" तिनं प्रबंध छाटला. 'गंज: शून्य' ही ओळ मात्र मी भांडून ठेवली.

मग माणसं यायला लागली. विकत घ्यायला नव्हे, यायला. एकाच्या काकांकडे अगदी अशीच गाडी होती; काकांचं पुढं काय झालं ते त्यानं पाऊण तास सांगितलं, माझ्या गाडीचं काय करायचं ते नाही. एका कुटुंबाच्या मुलांनी छप्पर अकरा वेळा वर-खाली केलं. बाबा पलंगावर आडवे झाले आणि खरंच झोपले. एका गृहस्थांनी पुढं वाकून बराच वेळ काहीतरी शोधलं.

"रेडिएटर कुठाय?"

"या गाडीला नसतो. इंजिन मागं आहे, हवेवर थंड होतं."

"म्हणजे काढून विकलात?"

हीटरबद्दल विचारलं की मी विषय बदलायचो. एक्झॉस्टच्या उष्णतेवर तापलेली हवा मागून निघते, गाडीच्या पोटाखालून सगळा प्रवास करते आणि ड्रायव्हरच्या पायांशी पोचेपर्यंत इतकी दमलेली असते, की आपणच तिला पांघरूण घालावं.

आणि मग तो आला. शांत, सडपातळ, खिशाला दोन पेनं. काका-बिका काही नाही. आल्या आल्या मागचं झाकण उघडून त्यानं हात लावला आणि माझ्याकडे पाहिलं.

"कोमट आहे."

असणारच. गार इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होत नाही, आणि झालं तरी थोडा धूर काढतं, म्हणून मी पहाटेच एक फेरी मारून आलो होतो. "ऊन आहे आज," मी म्हणालो. आभाळ भरून आलेलं होतं.

"टॅपेट कधी सेट केले? गार असतानाच केले ना?"

"अर्थात. पॉइंट वन फाइव्ह मिलिमीटर." व्हॉल्व्हच्या फटीचं हे माप मला खरंच येत होतं, त्यामुळे जरा मोठ्यानं सांगितलं.

तो हसला नाही. तीन नंबरच्या सिलिंडरच्या बाजूला टॉर्च मारून बराच वेळ पाहत राहिला. या जातीच्या इंजिनात तोच सगळ्यात जास्त तापतो असं म्हणतात. तो काय शोधतोय हे मला कळत होतं, आणि मला कळतंय हे त्यालाही. मग त्यानं खिशातून रुमाल काढला. रुमालात चुंबक होतं. रंगावर ओरखडा नको म्हणून रुमाल! असल्या सभ्य माणसाशी भांडणार तरी कसं?

दारावर चुंबक टच्चकन चिकटलं. पुढच्या पत्र्यावर चिकटलं. जॅकच्या जागेशी चिकटलं. तिथं वेल्डिंग करताना माझ्या भुवया गेल्या होत्या. मी बोलत बोलत मागच्या डाव्या चाकावरच्या कमानीला टेकून उभा राहिलो. सहज. हाताची घडी घालून. तो सगळी गाडी फिरून माझ्यापाशी आला आणि थांबला. मीही थांबलो.

"जरा..." तो म्हणाला.

सरकलो. चुंबक रुमालासकट माझ्या चपलेवर पडलं. त्यानं उचलून पुन्हा लावलं, ते पुन्हा पडलं. त्यानं बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं. दारावर वाजला होता तो पत्रा. इथं वाजली ती पुट्टी.

"काम कुणी केलं?"

"मी."

"छान केलंय. अजिबात दिसत नाही." तो मनापासून बोलत होता, हाच त्यातला अपमान. चुंबक रुमालात गुंडाळून तो निघून गेला.

त्या रात्री मला झोप येईना. एक जागा मला माहीत होती, पण चार वर्षांत आणखी कुठं कुठं हात चालला होता कोण जाणे. फ्रिजवरचा पेंग्विनचा मॅग्नेट आणि एक खडू घेऊन मी बाहेर आलो. पेंग्विन दारावरून घसरला, तिथं फुली. छपराच्या कडेवरून घसरला, फुली. पुढून, मागून, सगळीकडून घसरत गेला. मध्यरात्रीपर्यंत गाडीवर सतरा फुल्या झाल्या होत्या आणि आपण पत्र्याची गाडी दुरुस्त केली की पुट्टीची घडवली, हे मला कळेनासं झालं होतं.

बायको टॉर्च घेऊन आली. फुल्या पाहिल्या, माझ्या हातातला पेंग्विन पाहिला.

"अरे, हा फ्रिजवर तरी कुठं टिकतो? मी त्याला चिकटपट्टी लावलीय."

पेंग्विन उलटा करून पाहिला. खरंच लावलेली होती.




"आता पुसून ये," ती म्हणाली, "आणि ओल्या फडक्यानं पूस. रंग तरी खरा आहे ना?"