अनवाणी एकात्मता

वाकडमधल्या आमच्या सोसायटीत निरनिराळ्या राज्यांतली कुटुंबे राहतात आणि पार्किंगवरून होणारी भांडणे सोडली, तर त्यांच्यात संवादाचे दुसरे साधन नाही. म्हणून सांस्कृतिक समितीने ठराव केला, की सहा ते आठ वर्षांच्या मुलांना दर रविवारी फुटबॉलमधून विविधतेचा आदर शिकवावा. प्रशिक्षकपदी माझी बिनविरोध निवड झाली, कारण मी फुटबॉलवेड्या कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून भुईमुगाच्या शेंगा खाण्यापलीकडे माझा या खेळाशी संबंध नव्हता. शिवाय लहानपणी आम्ही पाटाकडील तालीम या फुटबॉल संघाचे समर्थक प्रतिस्पर्धी दिलबहार संघवाल्यांकडे ज्या नजरेने पाहत असू, तिला आदर म्हणणे धाडसाचे ठरले असते. पण हे समितीला सांगण्याचा धीर मला झाला नाही.

पहिल्या रविवारी मी रात्रभर जागून केलेला तक्ता घेऊन उतरलो, ज्यात दोन्ही संघांमध्ये उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम सारख्या प्रमाणात वाटली होती. मुलांनी तो अर्ध्या मिनिटात निकालात काढला आणि 'लगेच रडणारे' व 'न रडणारे' असे स्वतःचे संघ पाडले. मणिपुरी, मल्याळी आणि पुणेरी रडके एकमेकांच्या गळ्यात हात टाकून उभे राहिलेले पाहून मलाही भरून आले, परंतु समितीला अभिप्रेत असलेली एकात्मता ही नव्हे.

दुसऱ्या रविवारी मी सर्वांना गोलाकार बसवून १९४८ च्या लंडन ऑलिंपिकची गोष्ट सांगितली. भारताचे कर्णधार टी. आओ नागा होते आणि शिक्षणाने डॉक्टर. बचावाला बंगालचे शैलेन मन्ना होते. फ्रान्सविरुद्ध आपला एकमेव गोल केला तो दक्षिणेकडच्या सारंगपाणी रामन यांनी. "आणि त्यांतले बहुतेक जण अनवाणी खेळले," असे मी ओघात बोलून गेलो.

"अनवाणी? त्यांची आई ओरडली नाही?"

"नाही."

"मग जिंकले का, काका?"

"दोन-एक असे हरले. दोन पेनल्टी हुकल्या."

"बूट नव्हते म्हणून!" असे एकाने म्हणेपर्यंत बाकीच्यांचे बूट निघालेही होते आणि गोलपोस्टजवळ त्यांचा ढीग झाला होता. त्या ढिगावर सर्वांत शेवटी निळ्या पट्ट्यांच्या रबरी चपला पडल्या. दोन्ही रविवारी कुंपणाला टेकून उभी असलेली वॉचमनची मुलगी आत आली होती. ती मूळची नांदेडकडची. माझ्या तक्त्यातल्या चारी दिशांत ती कुठेच नव्हती. कोणालाही नको असलेले गोलकीपरचे काम तिने विचारण्याआधीच पत्करले, त्यामुळे तिच्या पात्रतेवर चर्चा झाली नाही.

खरा प्रसंग संध्याकाळी ओढवला. मुलांनी हाताला लागेल ते पायांत घालून घर गाठले होते आणि मी एकेक बूट घेऊन तीनही विंगांचे जिने चढत होतो. एका आईने बूट हातात न घेताच नुसत्या वासावरून तो आपला नसल्याचे सांगितले. चिटणीसबाईंचा नातू तर निळ्या पट्ट्यांच्या चपला घालून सोफ्यावर बसला होता आणि त्या काढायला तयार नव्हता. त्याचे टाच टेकताच दिवा लागणारे बूट हरवल्याची लेखी तक्रार बाईंनी माझ्या हाती ठेवली.

रात्री गाडी लावताना वॉचमनच्या केबिनमागून दोन तांबडे दिवे लुकलुकत पळत गेलेले मी पाहिले. समितीला अद्याप कळवलेले नाही.