तान्ह्याला झोपवायला मध? अजिबात नाही

'झोपेची वेळ लावणं, अंगाई, मंद दिवा हे सगळं परदेशी खूळ. शुद्ध महाबळेश्वरी मधात जायफळ उगाळून चाटवा, दिवसा झोपू देऊ नका, बाळ रात्रभर ढाराढूर झोपेल.' हा मेसेज साताऱ्यात घरोघरी फिरतोय. परवा माझी भाची पाच महिन्यांच्या लेकाला मांडीवर घेऊन, पुढ्यात सहाण आणि मधाची बाटली मांडून बसलेली दिसली. म्हणून लिहितेय.

एक वर्षाच्या आत मध द्यायचा नाही. बोटभरसुद्धा नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची सुप्त रूपं, असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते सहसा रुजत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात. आधी शी होईनाशी होते, मग दूध ओढायची ताकद जाते, रडणं क्षीण होतं, बाळ मान टाकतं. श्वासाचे स्नायू लुळे पडले तर व्हेंटिलेटरच लागतो. 'पण आमचा मध शुद्ध आहे!' असेल ना, मांघरसारखं मधाचं गाव आपल्याच जिल्ह्यात आहे. पण बीजाणू शुद्ध मधातही असू शकतात आणि घरी गरम करून ते मरत नाहीत.

जायफळाचा आजी सहाणेवर एखादा वेढा द्यायची. मेसेजात प्रमाणच नाही. जास्त झालं तर जायफळ विषारी असतं, आणि गुंगी म्हणजे झोप नव्हे.

दिवसाच्या झोपेचं अर्धं खरं आहे. तिन्हीसांजेला झोपलेलं बाळ रात्री जागवतं, मान्य. पण चार महिने ते एक वर्षाच्या बाळाला दिवसाची धरून 12 ते 16 तास झोप लागते. ती तोडली की रात्री नुसती किरकिर.

आणि खूळ कसलं? तेल लावणं, न्हाऊ घालणं, अंगाई म्हणणं हे आपल्याच घरातलं. 2009 साली 'स्लीप' या नियतकालिकात 405 आया आणि त्यांच्या सात महिने ते तीन वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास आला. रोज रात्री अंघोळ, मालिश, मग शांतपणे कुशीत घेणं किंवा अंगाई, आणि अंघोळीनंतर अर्ध्या तासात दिवे बंद. दोन आठवड्यांत मुलं लवकर झोपू लागली, रात्री कमी उठू लागली, आयांचाही जीव हलका झाला. अभ्यासाला बेबी लोशन विकणाऱ्या कंपनीचा पैसा होता, हे खरं. पण घरचं खोबरेल वापरायला कुणी अडवलंय? रोज तोच क्रम आणि तीच वेळ, एवढं सांभाळा.

ज्यांनी आधीच मध चाटवलाय, त्यांनी बाळाची शी, दूध ओढणं आणि रडण्याचा आवाज यांवर पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा. बाळ मलूल वाटलं तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि मध दिल्याचं न लपवता सांगा.