समुद्राचे पाणी पेशींतले ‘विष’ ओढून घेत नाही

मे महिना जवळ आला की गोव्यातील सांधेदुखीने बेजार झालेली मंडळी दर्यात न्हायला जातात, आणि अलीकडे त्याच सुमारास एक संदेश मोबाइलवरून फिरू लागतो. त्याचा आशय असा : समुद्राच्या पाण्यात अर्धा तास पाय बुडवून बसावे, त्या पाण्यात शरीरापेक्षा क्षार जास्त असल्याने ‘विसरणाच्या नियमानुसार’ पेशींतील युरिया, युरिक आम्ल वगैरे विषद्रव्ये तळव्यांवाटे ओढली जातात, मीठ भरलेल्या बांगड्याला पाणी सुटते तसेच हे घडते, बोटांना पडणाऱ्या सुरकुत्या हा त्याचा पुरावा, आणि हा उपाय नेमाने केल्यास डायलिसिसची गरज उरत नाही. दर्यात न्हाण्याला माझा मुळीच विरोध नाही. कोमट पाण्यात अंग हलके होते, आखडलेले सांधे सैलावतात, त्यासाठी कोणत्याही नियमाची साक्ष काढावी लागत नाही. पण संदेशातले शेवटचे विधान जिवावर बेतणारे आहे, आणि ते ज्या आधारावर उभे केले आहे तो मुळातच उलटा आहे.

ॲडॉल्फ फिक यांनी १८५५ मध्ये मांडलेला विसरणाचा नियम असे सांगतो की पदार्थ जिथे जास्त आहे तिथून जिथे कमी आहे तिकडे पसरतो. इथे प्रत्येक पदार्थाचा हिशेब स्वतंत्र असतो. बाहेर मीठ जास्त आहे म्हणून आतला युरिया ओढला जाईल, असे त्यात कुठेच नाही. युरियाच्या दृष्टीने समुद्राचे पाणी आणि नळाचे पाणी जवळजवळ सारखेच, कारण दोन्हींत युरिया नसल्यात जमा. उलट, समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि आपल्या पेशींभोवतीचा द्रव ९ ग्रॅम मिठाच्या द्रावणाशी समतोल राखतो. तेव्हा त्वचा खरोखरच मोकळे दार असती, तर मीठ आत शिरले असते आणि परासरणाने, म्हणजे पटलातून पाणी कमी क्षाराकडून जास्त क्षाराकडे जाते त्या क्रियेने, बाहेर गेले असते ते शरीराचे पाणी. विसरणाला विष आणि औषध यांतला फरक कळत नाही.

बांगड्याचा दाखला वरवर पटण्याजोगा आहे, म्हणून तो नीट पाहायला हवा. खारवण्यासाठी मासा चिरतात, आतडी काढतात आणि मीठ थेट उघड्या मांसात भरतात. पेशी मेलेल्या असतात, त्यांच्या पटलांची राखण संपलेली असते, आणि तरीही कातडीच्या बाजूने मीठ सावकाशच मुरते. जिवंत माणसाच्या तळव्यावर मृत, चिवट पेशींचे थरावर थर असतात आणि शरीरात इतरत्र कुठेही नसेल इतका जाड हा थर असतो. पेडणे तालुक्यातील आगरवाड्याच्या मिठागरांत काम करणाऱ्यांकडे पाहावे. मीठ धरू लागते तेव्हा त्या पाण्यात शेकडा २५ हून अधिक मीठ असते, म्हणजे समुद्राच्या सातपट. संदेश खरा असता तर ही माणसे हंगामात सुकून गेली असती. त्यांचे पाय भेगाळतात आणि जखमा चरचरतात, कारण तेवढ्या जागी थर फाटलेला असतो.

अंतराचा मुद्दा तर संदेशाने विचारातच घेतलेला नाही. पेशीच्या रुंदीएवढे, म्हणजे मिलिमीटरच्या शतांशाएवढे अंतर छोटा रेणू पाण्यात सेकंदाच्या अंशात ओलांडतो. पण अंतर दसपट झाले की वेळ शंभरपट होतो, आणि त्या हिशेबाने एक सेंटिमीटर जायला अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ लागतो. म्हणूनच बहुतेक पेशींच्या अगदी शेजारून केशवाहिन्या जातात. युरिया पेशींत साठून तळव्याची वाट पाहत बसत नाही. तो मुख्यतः यकृतात तयार होतो, रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडांकडे जातो, जिथे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो.

सुरकुत्यांचे म्हणाल तर त्या मज्जातंतूंच्या आज्ञेने बोटांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावल्यामुळे पडतात. ज्या बोटाचा मज्जातंतू तुटलेला असतो, त्याला पाण्यात सुरकुत्या पडत नाहीत.

आता डायलिसिस. तिथे विसरण खरोखरच काम करते, पण कसे? रक्त शरीराबाहेर काढून हजारो पोकळ, केसासारख्या तंतूंतून फिरवतात. त्यांच्या पातळ भिंतींचे एकूण क्षेत्रफळ एक ते दोन चौरस मीटर भरते. पलीकडून वाहणाऱ्या द्रवात युरिया नसतो, पोटॅशियम कमी ठेवलेले असते, आणि सोडियम मात्र मुद्दाम रक्ताच्या जवळपास राखलेले असते. समुद्राच्या पाण्यातील सोडियम त्याच्या तिपटीहून अधिक असते. एवढी तजवीज करूनही एका खेपेला साधारण चार तास लागतात आणि बहुतेकांना आठवड्यातून तीनदा जावे लागते. या खेपा चुकवून किनाऱ्यावर पाय बुडवून बसणाऱ्या रुग्णाच्या रक्तातले पोटॅशियम वाढतच राहते, आणि ते एका मर्यादेपलीकडे गेले की हृदयाची लय बिघडून ते काही मिनिटांत बंद पडू शकते.