वावटळ बुधवारी आली, मतदान शुक्रवारी झालं

ख्रिस्ती ग्रुपांवर एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. त्याचा सारांश असा: 2009 साली अमेरिकेतल्या लूथरन (मार्टिन लूथरच्या प्रॉटेस्टंट परंपरेतल्या) चर्चने समलिंगी पाळकांना मान्यता दिली आणि त्याच क्षणी देवाने वावटळ पाठवून चर्चचा मनोरा मोडला. तेव्हापासून तिथल्या प्रत्येक पाळकाला समलिंगी लग्नं लावावीच लागतात. त्यापायीच ते चर्च फुटलं आणि ओस पडलं. आणि आता जगभरचे लूथरन त्याच वाटेने चालले आहेत.

समलिंगी संबंधांबद्दल पवित्र शास्त्र काय सांगतं, यावर वाद घालायला माझी ना नाही. पण तो वाद खोट्या माहितीवर उभा राहू नये.

आधी वावटळीचं बघू, कारण लोकांना तीच जास्त आवडते. वावटळ खरीच आली होती. 19 ऑगस्ट 2009, बुधवार, दुपारची वेळ. इव्हँजेलिकल लूथरन चर्च इन अमेरिका, म्हणजे ईएलसीए, हिचं अधिवेशन मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसला भरलं होतं. ते चालू असलेल्या इमारतीला आणि शेजारच्या सेंट्रल लूथरन चर्चच्या मनोऱ्याला तडाखा बसला. पण पाळकांच्या नियमावर त्या दिवशी मतदान झालंच नाही, ते झालं शुक्रवारी, 21 तारखेला. बुधवारी मतदान झालं ते लैंगिकतेविषयीच्या निवेदनावर, आणि तेही वावटळ येऊन गेल्यानंतर. त्याला दोन-तृतीयांश मतं लागत होती. एकूण मतं पडली 1014, त्यातली 676 बाजूने आणि 338 विरोधात. 1014 चे दोन-तृतीयांश किती होतात ते करून बघा: बरोबर 676. एक मत फिरलं असतं तरी निवेदन पडलं असतं.

आता वावटळीत देवाचा कोप दिसत असेल, तर त्या 676 मध्ये दुसऱ्या बाजूला देवाचा हात दिसू शकतो. दोन्ही तर्क एकाच माळेचे मणी. शिलोहातला बुरूज पडून अठरा जण मेले, ते काय इतरांपेक्षा जास्त पापी होते का, असं प्रभूनेच विचारलंय (लूक 13). त्यापुढे पश्चात्तापाची जी हाक आहे ती ऐकणाऱ्या सगळ्यांना आहे, शेजारच्या चर्चपुरती नाही.

आता सक्तीचं. समलिंगी माणूस ईएलसीएत पाळक होऊ शकतो, हे काही 2009 ला नव्याने ठरलं नाही. 1990 पासूनचा नियम असा होता की पाळक समलिंगी असला तर चालेल, पण त्याने असे संबंध ठेवू नयेत. 2009 ला 559 विरुद्ध 451 मतांनी बदललं ते एवढंच, की आजीवन, एकनिष्ठ आणि मंडळीसमोर (म्हणजे स्थानिक चर्चच्या सभासदांसमोर) उघड असलेल्या समलिंगी नात्यात राहणाऱ्यांनाही पाळकपदाच्या दीक्षेचा मार्ग मोकळा झाला. लग्न लावण्याची सक्ती त्यात कुठेच नव्हती. उलट विवाह हा स्त्री-पुरुषांमधला करार, ही ऐतिहासिक व्याख्या निवेदनात तशीच ठेवली होती. खुद्द मिनेसोटा राज्यात तेव्हा समलिंगी विवाह कायदेशीर नव्हता, तो कायदा 2013 चा.

शिवाय या चर्चमध्ये पाळकाला बोलावते ती स्थानिक मंडळी. वरून कोणी तिच्या माथी पाळक मारत नाही. निवेदनात चक्क चार वेगवेगळ्या भूमिका नोंदवल्या आहेत, अगदी ‘हे पापच आहे’ म्हणणाऱ्यांचीसुद्धा, आणि सद्सद्विवेकाने ज्याची जी भूमिका असेल तिचा मान राखावा असं म्हटलंय. याची किंमत मोजतो तो समलिंगी उमेदवार. दीक्षेची दारं उघडली, तरी बोलावणारी मंडळी त्याला मिळेलच असं नाही. आणि सक्तीच म्हणायची, तर आधीचा इतिहास बघा. सॅन फ्रान्सिस्कोतल्या दोन मंडळ्यांनी 1990 साली नियम मोडून तीन समलिंगी उमेदवारांना दीक्षा दिली. आधी त्या मंडळ्यांना निलंबित केलं आणि 1995 संपता संपता चर्चमधून काढूनच टाकलं.

फुटीचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, आणि तो मान्य करायला हवा. 2009 नंतर शेकडो मंडळ्या बाहेर पडल्या आणि ऑगस्ट 2010 मध्ये नॉर्थ अमेरिकन लूथरन चर्च स्थापन झालं. बाहेर पडणंही सोपं नव्हतं. किमान 90 दिवसांच्या अंतराने दोनदा मतदान घ्यायचं आणि दोन्ही वेळा दोन-तृतीयांश बहुमत मिळवायचं. एवढा खटाटोप करणाऱ्यांना नुसतं ‘द्वेष्टे’ म्हणून मोडीत काढणाऱ्यांचंही मला पटत नाही. त्यातल्या बहुतेकांचा प्रश्न शास्त्राच्या अधिकाराचा होता. पण ‘त्यापायीच’ हा शब्द चूक. 2001 साली निघालेला एलसीएमसी (लूथरन काँग्रिगेशन्स इन मिशन फॉर ख्राइस्ट) हा गट एपिस्कोपल, म्हणजे अमेरिकेतल्या अँग्लिकन, चर्चशी झालेल्या करारावरून, म्हणजे बिशपपदाच्या वादातून निघाला होता. राहिली सभासदांची गळती. या विषयात तसूभरही न हललेल्या मिझुरी सिनॉड या अमेरिकेतल्याच दुसऱ्या, सनातनी लूथरन चर्चचे सभासद 1980 च्या दशकाअखेरीस सुमारे 26 लाख होते, आता ते 20 लाखांच्या खाली आलेत. मंडळ्या म्हाताऱ्या होतायत आणि तरुण चर्चला येत नाहीत, ही रड दोन्हीकडे सारखीच.

शेवटचा दावा, जगभरच्या लूथरनांचा. स्वीडनच्या चर्चने ऑक्टोबर 2009 मध्ये 176 विरुद्ध 62 मतांनी समलिंगी विवाहविधी स्वीकारला. नॉर्वेने 2017 मध्ये. त्याच नॉर्डिक पट्ट्यातल्या फिनलंडमध्ये मात्र दोन्ही विवाहकल्पनांना जागा देण्याचा प्रस्ताव 2025 मध्ये तीन-चतुर्थांश बहुमताअभावी पडला. आणि लूथरनांतल्या सर्वांत मोठ्या चर्चपैकी एक असलेल्या इथिओपियाच्या मेकाने येसूसने 2013 साली याच कारणावरून स्वीडनशी आणि ईएलसीएशी नातं तोडलं. टांझानियाचाही विरोध स्पष्ट आहे.

आपल्याकडे मराठी ख्रिस्ती बहुतेक कॅथलिक, नाहीतर सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) किंवा मेथडिस्ट. लूथरन तसे थोडेच. म्हणूनच की काय, लूथरनांनाही एखादं व्हॅटिकन असेल असं वाटतं. तसं काही नाही. लूथरन वर्ल्ड फेडरेशन हा स्वायत्त चर्चचा संघ आहे, त्यात स्वीडनही आहे आणि इथिओपियाही. शिकागोच्या मुख्यालयातला निर्णय रांचीच्या गोस्सनर चर्चला किंवा गुंटूरच्या आंध्र लूथरन चर्चला लागू होत नाही.